इंग्लंडमधले जुने पॅरिश चर्च कसे पाहावे

इंग्लंडमध्ये राहणारे किंवा तिकडे फिरायला जाणारे बहुतेक मराठी लोक लंडनचे सेंट पॉल, वेस्टमिन्स्टर ॲबे आणि फार तर यॉर्कचे कॅथीड्रल पाहतात. गावोगावची पॅरिश चर्चे, म्हणजे त्या त्या गावाची वा पेठेची स्वतःची चर्चे, वाटेत दिसतात आणि मागे पडतात. चर्च ऑफ इंग्लंडकडे अशी सुमारे १६ हजार चर्चे आहेत, त्यांतली कित्येक हजार मध्ययुगातली आहेत, आणि बहुतेक ठिकाणी आत जायला एक पेनीही लागत नाही. इंग्लंडच्या सामान्य माणसाने काय मानले, कशावर खर्च केला आणि कोणाच्या हुकमाने काय मोडले, हे या इमारतींइतके स्पष्टपणे दुसरीकडे कुठेही पाहायला मिळत नाही, असे माझे ठाम मत आहे. मात्र कोणत्या क्रमाने आणि काय पाहायचे हे ठाऊक नसेल, तर दहा मिनिटांत चार खांब आणि रंगीत काचा पाहून माणूस बाहेर येतो. ती पद्धत येथे सविस्तर दिली आहे.

आरंभीच एक गोष्ट मनाशी पक्की करावी. जुने चर्च कधीच एका काळाचे नसते. बाराव्या शतकातल्या भिंतीत पंधराव्या शतकातली खिडकी असते, तिच्यात एकोणिसाव्या शतकातली काच असते आणि खाली सतराव्या शतकातले बाक असते. म्हणून "हे चर्च किती जुने?" या प्रश्नाने फारसे काही हाती लागत नाही. त्याऐवजी प्रत्येक वस्तूपुढे तीन प्रश्न विचारावेत: हे कोणाच्या पैशातून झाले, कशासाठी झाले, आणि पुढे कोणी का बदलले? लेखात मुख्य उदाहरण म्हणून सफोक काउंटीतल्या लाँग मेलफर्ड या गावाचे होली ट्रिनिटी चर्च घेतले आहे, कारण या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तिथे ठळकपणे सापडतात. गरजेप्रमाणे इतर गावांचीही उदाहरणे येतील.

जाण्यापूर्वी

रविवारची सकाळ टाळावी, कारण त्या वेळी उपासना चालू असते. उपासनेलाच बसायचे असेल तर कोणीही आनंदाने जागा देईल. इतर दिवशी पुष्कळ चर्चे सकाळपासून संध्याकाळपर्यंत उघडी असतात. कुलूप असल्यास पोर्चमधल्या फलकावर किल्ली कोणाकडे मिळेल हे बहुधा लिहिलेले असते, आणि किल्ली मागायला संकोच करू नये. बरोबर लहान दुर्बीण आणि बॅटरी हवीच. दुर्बिणीशिवाय छतावरचे देवदूत आणि काचांमधले चेहरे कळत नाहीत, आणि बॅटरीचा झोत भिंतीला जवळजवळ समांतर धरला की पुसट कोरीव अक्षरे उठून दिसतात. दाराजवळच्या टेबलावर त्या चर्चची माहितीपुस्तिका ठेवलेली असते. ती विकत घ्यावी, पण आधी स्वतःच्या डोळ्यांनी एक फेरी मारून मग वाचावी. देणगीच्या पेटीत काहीतरी टाकावे, कारण या इमारतींची छपरे गावातल्या मोजक्या माणसांच्या वर्गणीवर टिकून आहेत.

पहिली फेरी: बाहेरून, सावकाश

थेट आत शिरू नये. प्रथम संपूर्ण इमारतीला एक प्रदक्षिणा घालावी. वेदी पूर्वेला आणि मनोरा बहुधा पश्चिमेला असतो, त्यामुळे दिशा लगेच लागतात. मनोऱ्याला लागून असलेला लांब भाग म्हणजे नेव्ह, गावकऱ्यांच्या बसण्याची जागा. तिच्या पूर्वेचा, सहसा अरुंद आणि बुटका भाग म्हणजे चॅन्सेल, धर्मगुरूची आणि वेदीची जागा. मध्ययुगात चॅन्सेलची डागडुजी धर्मगुरूच्या माथी आणि नेव्हची गावाच्या माथी असे. गावाकडे लोकरीचा पैसा आला की नेव्ह भव्य होई आणि चॅन्सेल मात्र जुनेच राही. हा विसंगत आकार पुष्कळ ठिकाणी दिसतो, आणि त्यामागचे कारण हे असे जमाखर्चाचे आहे.

आता भिंती पाहाव्यात. बांधकाम कुठे बदलते, दगडांचे थर कुठे तुटतात, बुजवलेल्या दाराची कमान कुठे दिसते, हे शोधावे. मनोऱ्याच्या पूर्व अंगावर उलट्या 'व्ही'सारखी रेघ दिसली, तर ती पूर्वीच्या उंच, उतरत्या छपराची खूण असते. नंतरच्या काळात शिशाचे पत्रे घालून छप्पर सपाट केले की ती रेघ उघडी पडते. दक्षिणेच्या दाराजवळ दगडात एक भोक आणि त्यातून खाली फाकलेल्या रेघा आढळल्या, तर ते मिस्साची, म्हणजे कॅथलिक उपासनेची, वेळ पाहण्याचे सूर्यघड्याळ आहे. भोकात काडी खोचली की सावली रेघेवर पडत असे.

काळ ठरवण्यासाठी खिडक्या आणि कमानी सर्वांत उपयोगी. १८१७ साली टॉमस रिकमन या वास्तुतज्ज्ञाने दिलेली नावे आजही वापरात आहेत. १०६६ च्या नॉर्मन स्वारीपूर्वीचे ते सॅक्सन: भिंती उंच, खिडक्या अगदी लहान, आणि कोपऱ्यांत एक दगड उभा तर पुढचा आडवा. डरहॅम काउंटीतले एस्कम हे सातव्या शतकातले चर्च रोमन इमारतींच्या दगडांतून उभे राहिले आहे, आणि नॉर्थॅम्प्टनशरमधल्या अर्ल्स बार्टनचा मनोरा दगडी पट्ट्यांनी मढवलेला आहे. त्यानंतरचे नॉर्मन: जाड खांब, गोल कमानी आणि त्यांवर नागमोडी नक्षी; हेरफर्डशरमधल्या किलपेकच्या छोट्या चर्चला, म्हणजे साधारण ११४० च्या सुमाराच्या कामाला, या शैलीत तोड नाही. सुमारे ११८० पासून टोकदार कमान आली. तिच्या पहिल्या शंभर वर्षांत, अर्ली इंग्लिश शैलीत, खिडक्या भाल्याच्या पात्यासारख्या अरुंद आहेत. मग डेकोरेटेड शैलीत खिडकीच्या माथ्यावर दगडाची वळणदार जाळी आली, आणि चौदाव्या शतकाच्या मध्यापासून पर्पेंडिक्युलर शैलीत उभ्या, सरळ दगडी पट्ट्या थेट कमानीपर्यंत जाऊ लागल्या. शेवटच्या शैलीत भिंत जवळजवळ नाहीशी होते आणि काचच उरते. एक सावधगिरी मात्र बाळगावी: खिडकीचा काळ म्हणजे भिंतीचा काळ नव्हे. जुनी भिंत फोडून नवी खिडकी बसवणे हा नित्याचा प्रकार होता.

लाँग मेलफर्डची बाहेरची फेरी म्हणजे या सगळ्याचा उत्तम वस्तुपाठ आहे. सफोकमध्ये बांधकामाचा चांगला दगड मिळत नाही, म्हणून शेतातला काळसर चकमकीचा दगड फोडून, तासून, बाहेरून आणलेल्या पांढऱ्या दगडात जडवतात. त्याच तंत्राने इथल्या छताच्या कठड्याखाली अक्षरांची लांबच लांब ओळ फिरवलेली आहे: अमक्याच्या आणि त्याच्या पत्नीच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा, ज्याच्या मालमत्तेतून हा भाग बांधला. नावे कापडाचा व्यापार करणाऱ्या घराण्यांची आहेत, अग्रभागी क्लॉप्टन आणि मार्टिन. १४६० च्या दशकापासून १४९७ च्या सुमारापर्यंत हे चर्च जवळजवळ नव्याने उभे राहिले, आणि कोणत्या भागाला कोणी पैसे दिले याची जाहीर पावती त्याच्याच भिंतीवर आहे. देणगीदारांचा हेतू मात्र नुसता प्रसिद्धीचा नव्हता. मृत्यूनंतर आत्म्याला शुद्धिस्थानातून जावे लागते आणि जिवंतांच्या प्रार्थनेने तिथला काळ कमी होतो, अशी त्यांची खरी श्रद्धा होती. कठड्यावरचे नाव जो वाचेल तो प्रार्थना करील, हा त्यामागचा विचार.

तिथला मनोरा मात्र फसवतो. जुना मनोरा १७१० च्या सुमारास वीज पडून गेला. त्याच्या जागी विटांचा साधा मनोरा बांधला गेला. आणि १८९८ ते १९०३ या काळात जॉर्ज बॉडली या वास्तुतज्ज्ञाने त्या विटांवर दगड आणि चकमकीचे आवरण चढवून तो पंधराव्या शतकाला शोभेसा केला. आज बाहेरून पाहणारा त्याला बिनदिक्कत मध्ययुगीन म्हणतो. म्हणून बाहेरच्या फेरीत मनात बांधलेले अंदाज आतल्या फेरीत पुन्हा तपासून पाहावेत.

दारातून आत: बाप्तिस्म्याचे कुंड

पोर्चमध्ये मध्ययुगात विवाहाचा पहिला भाग होई आणि करारमदारही होत, म्हणून तिथल्या दगडी बाकांकडे लक्ष द्यावे. दार जुने असेल तर लोखंडी बिजागऱ्या आणि कडी पाहावी. लाकूड बदलले तरी जुने लोखंड पुन्हा वापरत.

आत शिरल्यावर नेव्हच्या पश्चिम टोकाला उभे राहावे. जवळच दगडी कुंड दिसेल. बाप्तिस्म्याने माणूस मंडळीत येतो, म्हणून कुंड दाराजवळ. कित्येक चर्चमध्ये इमारत दोन-तीनदा नव्याने बांधली गेली तरी कुंड नॉर्मन काळचेच राहिले, त्यामुळे ते संपूर्ण चर्चमधली सर्वांत जुनी वस्तू असू शकते. कुंडाच्या काठावरून बोट फिरवण्याऐवजी डोळे फिरवावेत: समोरासमोर दगड फुटलेला किंवा शिशाने बुजवलेला दिसला, तर तिथे झाकणाचे लोखंडी आकडे होते. १२३६ साली आर्चबिशप एडमंड यांनी कुंडांना झाकण आणि कुलूप लावण्याची आज्ञा दिली, कारण मंत्रून ठेवलेले पाणी लोक जादूटोण्यासाठी चोरून नेत. पुढे हीच झाकणे कलाकुसरीची झाली. सफोकमधल्या अफर्डचे लाकडी झाकण सुमारे १८ फूट उंच आहे आणि त्याचा खालचा भाग वरच्या भागावर सरकत जातो. मूर्तिभंजनासाठी नेमलेला विल्यम डाउझिंग हा अफर्डला आला, तेव्हा त्यालाही या झाकणाचे वैभव नोंदवल्यावाचून राहवले नाही. नॉरफोक आणि सफोकमध्ये अष्टकोनी कुंडांवर सात संस्कारांची दृश्ये आणि आठव्या बाजूला बहुधा क्रूसारोहण किंवा येशूचा बाप्तिस्मा कोरलेला असतो. त्यांतल्या आकृत्यांचे चेहरे बहुतांशी छिन्नीने उडवलेले आहेत, आणि त्यामागची हकिकत कळायला पुढचा टप्पा पाहावा लागतो.

तत्पूर्वी एकदा वर पाहावे. पूर्व इंग्लंडमध्ये तुळयांच्या टोकांवर पंख पसरलेले लाकडी देवदूत असतात; केंब्रिजशरमधल्या मार्च गावच्या सेंट वेंड्रेडा चर्चच्या छतावर असे शंभराहून अधिक देवदूत आहेत. ते हाताच्या आवाक्याबाहेर होते, आणि बहुधा म्हणूनच वाचले.

पडदा, जिना आणि पुसलेले चेहरे

नेव्ह आणि चॅन्सेल यांच्या मध्ये लाकडी जाळीचा पडदा असतो, किंवा असल्याच्या खुणा असतात. हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा.

मध्ययुगात या पडद्यावर एक सज्जा असे, आणि त्यावर मधोमध क्रूसावरचा येशू, एका बाजूला मरियामाता आणि दुसऱ्या बाजूला संत योहान यांच्या मोठ्या लाकडी मूर्ती. समोर मेणबत्त्या जळत. पडद्याच्या खालच्या फळ्यांवर संतांची चित्रे असत. मूर्तींच्या मागे, कमानीवर, शेवटच्या न्यायाचे, म्हणजे जगाच्या अंती ख्रिस्त सर्वांचा निवाडा करतो त्याचे, चित्र काढलेले असे. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाच्या नजरेसमोर दर रविवारी हे असे. १५४७ नंतर, सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीत, धर्मसुधारणेच्या, म्हणजे कॅथलिक रूढी सोडून प्रोटेस्टंट पंथाकडे वळण्याच्या लाटेत, मूर्ती काढून टाकण्याचे हुकूम सुटले. मेरी राणीने जुना कॅथलिक धर्म परत आणला तेव्हा गावांनी वर्गणी काढून त्या पुन्हा बसवल्या. आणि एलिझाबेथच्या काळात, १५६१ च्या हुकमाने, सज्जा उतरवून पडदा तेवढा ठेवावा असे ठरले. अवघ्या चौदा वर्षांत एकाच गावाने एकच वस्तू मोडली, पुन्हा केली आणि पुन्हा मोडली, आणि तिन्ही वेळा खर्च गावाचाच.

याची खूण म्हणून नेव्हच्या भिंतीत चॅन्सेलजवळ पाहावे. जमिनीपासून आठ-दहा फुटांवर कुठेच न जाणारे लहानसे दार दिसेल, आणि खाली भिंतीच्या पोटात अरुंद जिना. तो नाहीशा झालेल्या सज्जाकडे जाणारा रस्ता होता. पडदा शिल्लक असेल तर गुडघ्यावर बसून खालच्या फळ्या पाहाव्यात. नॉरफोकमधल्या रॅनवर्थचा पडदा त्याच्या रंगांसाठी आवर्जून पाहण्यासारखा आहे. पुष्कळ पडद्यांवर संतांचे डोळे आणि चेहरे तेवढे अणकुचीदार हत्याराने खरवडलेले असतात, वस्त्रांवरची सोनेरी नक्षी मात्र जशीच्या तशी असते. काम ठरवून केलेले आहे, बेभान होऊन नव्हे. नॉरफोकमध्येच बिनम येथे वेगळा उपाय योजला गेला: संतांवर पांढरा रंग चढवून त्यावर काळ्या अक्षरांत इंग्रजी बायबलमधली वचने लिहिली. आता तो पांढरा रंग झिजत चालला आहे आणि अक्षरांच्या मधून संतांचे चेहरे पुन्हा वर येत आहेत. धर्मसुधारणा म्हणजे काय हे एका फळीवर पाहायचे असेल, तर माझ्या मते इंग्लंडभर याहून चांगली जागा नाही.

न्यायाच्या चित्राचे सर्वोत्तम उदाहरण सफोकमधल्या वेनहॅस्टनला आहे. तिथे ते भिंतीवर नसून लाकडी फळ्यांवर होते आणि चुन्याखाली झाकलेले होते. १८९२ मध्ये दुरुस्तीच्या वेळी त्या फळ्या निकामी समजून बाहेर दफनभूमीत टाकल्या गेल्या; रात्री पाऊस पडला, चुना धुऊन गेला आणि सकाळी ख्रिस्त, आत्मे तोलणारा संत मायकेल आणि नरकाचा जबडा दिसू लागला. त्या चित्रात मधोमध माणसांच्या आकाराच्या रंगहीन, रिकाम्या जागा आहेत. लाकडी मूर्ती तिथेच टेकून उभ्या होत्या, म्हणून चित्रकाराने तेवढा भाग रंगवलाच नव्हता.

या सगळ्यात माणसांच्या मनाला काय झाले, याचा पुरावा मेलफर्डमध्ये आहे. रॉजर मार्टिन या तिथल्या कॅथलिक गृहस्थाने सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या लहानपणीच्या चर्चचे वर्णन लिहून ठेवले: वेदीमागचे सोनेरी कोरीव काम, बारा प्रेषितांची चित्रे असलेला सज्जा, छतावरचे सोनेरी तारे, सणांच्या मिरवणुका. आपल्या घराण्याच्या वेदीमागचे क्रूसारोहणाचे शिल्प त्याने घरी नेऊन ठेवले होते, आणि आपले वारस कधीतरी ते दुरुस्त करून परत बसवतील अशी आशा त्याने लिहून ठेवली. मेलफर्डच्या उत्तर भिंतीत आज दिसणारे अलाबास्टर दगडातले शिल्प, पूर्वेकडचे ज्ञानी लोक बाळ येशूला नमन करतात ते, अठराव्या शतकात फरशीखाली सापडले. कोणीतरी ते फोडण्याऐवजी पुरले होते.

चॅन्सेलमध्ये

दक्षिण भिंतीत वेदीजवळ एक कोनाडा आणि त्यात निचऱ्याचे भोक असलेले दगडी खोलगट भांडे दिसेल. मिस्साचे पेले तिथे धूत. शेजारी धर्मगुरू आणि साहाय्यकांसाठी भिंतीत कोरलेली तीन आसने असतात. असे धुण्याचे भांडे नेव्हच्या किंवा तिला समांतर असलेल्या बाजूच्या पट्ट्याच्या भिंतीत आढळले, तर तिथे पूर्वी आणखी एक वेदी होती असे निश्चित समजावे. दगडी वेद्या १५५० च्या हुकमाने काढून लाकडी टेबले आली. त्या वेद्यांचे वरचे दगड पुष्कळदा फरशीत पालथे किंवा उताणे बसवले गेले. फरशीवर पाच लहान क्रूस कोरलेली मोठी शिळा दिसली, एक मध्ये आणि चार कोपऱ्यांत, तर ती जुनी वेदी आहे.

मेलफर्डच्या चॅन्सेलच्या उत्तरेस जॉन क्लॉप्टनची कबर आहे. चर्चच्या नव्या बांधणीत याचा वाटा सर्वांत मोठा, आणि १४९७ मध्ये तो वारला. १४६२ साली ऑक्सफर्डच्या अर्लबरोबर राजद्रोहाच्या आरोपाखाली तो पकडला गेला होता. अर्लचा शिरच्छेद झाला, हा सुटला. कबर वेदी आणि त्याच्या खासगी प्रार्थनागृहाच्या मधल्या भिंतीत आहे, दोन्हीकडून उघडी. पुनरुत्थानाच्या सणाआधी ख्रिस्ताच्या कबरीची प्रतीकात्मक मांडणी तिथेच होत असे, आणि वरच्या कमानीत उठलेल्या ख्रिस्ताचे चित्र आजही आहे. आपल्या कबरीवर दरवर्षी ख्रिस्ताची कबर मांडली जावी, यासाठी त्याने जागा विचारपूर्वक निवडली होती.

वेदीपुढचा लाकडी कठडा सतराव्या शतकातला असेल तर त्याच्या दांड्या एकमेकींच्या किती जवळ आहेत ते पाहावे. १६३० च्या दशकात आर्चबिशप लॉड यांच्या आग्रहाने हे कठडे आले, आणि कुत्रे वेदीपर्यंत पोचू नयेत इतके ते दाट असावेत अशी अपेक्षा होती.

बाके, प्रवचनपीठ आणि राजचिन्ह

धर्मसुधारणेनंतर पाहण्यापेक्षा ऐकण्याला महत्त्व आले. १६०४ च्या धर्मनियमांनी प्रत्येक चर्चमध्ये प्रवचनपीठ, दानपेटी आणि पूर्व भिंतीवर दहा आज्ञा असाव्यात असे बंधन घातले. अठराव्या शतकात कारकून, वाचन आणि प्रवचन यांसाठी एकावर एक तीन मजल्यांची पीठे आली, आणि घराण्यांसाठी दारे असलेली पेटीसारखी बंद बाके. यॉर्कशरमधल्या व्हिटबीच्या सेंट मेरी चर्चमध्ये ही सगळी मांडणी टिकून आहे. त्याहून जुनी, मध्ययुगीन बाके सॉमरसेटमध्ये पुष्कळ. ब्रेंट नॉल इथल्या बाकांच्या टोकांवर मठाधिपतीच्या वेशातला कोल्हा कोरला आहे, आणि शेवटी हंस त्याला फाशी देतात.

भिंतीवर राजचिन्हाचा फलक असतो. त्याचा काळ आडाख्याने ठरवता येतो: ढालीवर फ्रान्सची कमलपुष्पे असतील तर तो १८०१ पूर्वीचा; हॅनोव्हरचा पांढरा घोडा असेल तर १७१४ ते १८३७ या काळातला. पूर्वी जिथे क्रूसावरचा येशू होता, बहुधा त्याच ठिकाणी नंतर राजाचे चिन्ह आले, आणि सत्ता कोणाकडून कोणाकडे गेली हे त्यातून कळते.

कबरी आणि स्मारके

दगडी शूरवीराचे पाय एकमेकांवर टाकलेले असतील तर तो धर्मयुद्धाला गेला होता, असे अजूनही ऐकायला मिळते. त्याला आधार नाही. ती तेराव्या-चौदाव्या शतकातली शिल्पकारांची एक पद्धत होती. फरशीवर पितळी पत्र्याच्या आकृती असतात, आणि पुष्कळदा त्या गालिचाखाली झाकलेल्या असतात. नुसता आकृतीच्या आकाराचा खळगा दिसला तर पत्रा चोरीला गेला आहे. सरेमधल्या स्टोक डॅबरनन येथील सर जॉन डॅबरननची आकृती या प्रकारातली अतिशय जुनी. पितळावर कागद ठेवून ठसा घ्यायचा असेल तर आधी परवानगी घ्यावी.

वर टांगलेला काळा, समभुज, टोकावर उभा फलक म्हणजे मृताच्या घराबाहेर लावून मग चर्चमध्ये आणलेले घराण्याचे चिन्ह. पाहणाऱ्याच्या डाव्या बाजूचे चिन्ह पतीचे आणि उजव्या बाजूचे पत्नीचे. ज्याच्या मागची पार्श्वभूमी काळी, तो गेला. संपूर्ण काळी असेल तर जोडीदार आधीच गेलेला होता किंवा व्यक्ती अविवाहित होती.

मराठी वाचकाने केंटमधल्या विंगहॅमच्या सेंट मेरी चर्चसाठी एक दिवस जरूर काढावा. तिथल्या ऑक्झेंडन प्रार्थनागृहात १६८२ चे संगमरवरी स्मारक आहे: मधोमध उंच स्तंभ, त्यावर फळाफुलांचे झुबके, कोपऱ्यांत गुबगुबीत बालदेवदूत आणि काळ्या दगडातली बैलांची मस्तके. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली, तेव्हा इंग्रजांच्या वखारीचा बचाव करणारा सर जॉर्ज ऑक्झेंडन याच घराण्यातला, आणि १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाला कंपनीचा वकील म्हणून हजर असलेला हेन्री ऑक्झेंडनही याच घराण्यातला. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतून एक-दोन ओळींत येणारी ही माणसे कोणत्या गावातून आली, हे त्या दगडापुढे उभे राहिल्यावर नीट कळते. त्याच चर्चमध्ये नेव्हचे खांब दगडाचे नसून चेस्टनटच्या लाकडाचे आहेत, तेही पाहून घ्यावेत.

काचा

मध्ययुगीन काच जाड आणि असमान असते, बाहेरून तिला खड्डे पडलेले असतात, आणि तिच्यातले हिरवे, पिवळे व तांबडे रंग प्रकाशागणिक बदलतात. व्हिक्टोरियन काच एकसारखी आणि झगझगीत असते. तिच्या तळाशी बहुधा कोणाच्या स्मरणार्थ बसवली ते नाव आणि साल असते. ग्लॉस्टरशरमधल्या फेअरफर्डला १५०० नंतरच्या काही वर्षांत बसवलेल्या २८ खिडक्यांची संपूर्ण मालिका टिकून आहे. लोकरीचा व्यापारी जॉन टेम आणि त्याच्या मुलाने बांधलेले हे चर्च आहे. इतरत्र बहुधा तुकडेच हाती लागतात. मेलफर्डमध्ये देणगीदार गुडघे टेकून बसलेले दिसतात, आणि एका लहान गोल काचेत तीन ससे वर्तुळात धावताना दिसतात. तिघांत मिळून कान तीनच आहेत, तरी प्रत्येकाला दोन कान पुरले आहेत. ते पाहायला दुर्बीण लागते.

व्हिक्टोरियन फेरबदल

आज जे मध्ययुगीन वाटते त्यातले बरेचसे एकोणिसाव्या शतकातले असते. १८३९ मध्ये स्थापन झालेल्या केंब्रिज कॅम्डन सोसायटीच्या प्रभावाने बंद बाके आणि पश्चिमेचे सज्जे निघाले, गावचे वादक जाऊन ऑर्गन आला, चॅन्सेलमध्ये गायकांची बाके आणि जमिनीवर रंगीत नक्षीच्या फरश्या आल्या. भिंतींवरचा जुना गिलावा खरवडताना चित्रेही गेली. या धडाक्याला विरोध म्हणून १८७७ मध्ये विल्यम मॉरिस यांनी जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. जुने काम दुरुस्त करावे, पण जुन्यासारखे दिसणारे नवे करू नये, हे तिचे तत्त्व. मला ते आजही बरोबर वाटते, आपल्याकडच्या जुन्या देवळांच्या आणि वाड्यांच्या बाबतीतही.

या काळातली अभिरुची मुंबईतच पाहता येते. कुलाब्याचे अफगाण चर्च १८५८ मध्ये उपासनेसाठी खुले झाले, आणि त्याच्या आतल्या सजावटीचा आराखडा विल्यम बटरफील्ड यांचा आहे. इंग्लंडला जाण्यापूर्वी तिथे तासभर घालवला तर नेव्ह, चॅन्सेल, टोकदार कमान आणि रंगीत फरशी या गोष्टी नजरेत बसतील.

मेलफर्डच्या पूर्वेकडच्या मरियामातेच्या प्रार्थनागृहाचा उल्लेख इथेच करायला हवा. १४९६ चे हे बांधकाम धर्मसुधारणेनंतर निरुपयोगी ठरले आणि पुढे तिथे दोनशे वर्षे गावची शाळा भरली. भिंतीवर पाढ्यांचा तक्ता अजून आहे. कोण्या दुरुस्तीकाराने तो पुसला नाही, हे मोठे भाग्य.

घंटा आणि नोंदवह्या

मनोऱ्याच्या तळाशी दोर लोंबताना दिसले तर त्यांना हात लावू नये. वर टांगलेली घंटा कित्येक क्विंटलची असते आणि अनभ्यस्त माणसाला दोर गंभीर इजा करू शकतो. इंग्लंडमध्ये घंटांवर गाणे वाजवत नाहीत, तर क्रम बदलत वाजवतात: सात घंटांचे ५०४० वेगवेगळे क्रम होतात आणि ते सगळे न चुकता वाजवायला साधारण तीन तास लागतात. असे वादन पार पडले की वादकांच्या नावांचा फलक लागतो. तो वाचावा, त्यात सुतार, लोहार आणि शेतकरी भेटतात, ज्यांची नावे संगमरवरावर कधीच आली नसती.

तीन कुलपांची लाकडी पेटी दिसली तर ती नोंदवह्यांची. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवावी असा हुकूम काढला. १५९८ मध्ये जुन्या कागदी वह्या चर्मपत्रावर, निदान एलिझाबेथच्या राज्यारोहणापासूनच्या, उतरवून घ्यायला सांगितले, म्हणून पुष्कळ गावांच्या नोंदी १५५८ पासून सुरू होतात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात दफनाच्या नोंदीपुढे लोकरीचा उल्लेख आढळतो, कारण देशी धंद्याला उठाव मिळावा म्हणून मृताला लोकरी वस्त्रातच पुरण्याचा कायदा होता. या वह्या आता बहुधा काउंटीच्या अभिलेखागारात आहेत आणि कित्येकांच्या प्रतिमा इंटरनेटवर पाहता येतात.

त्या वाचताना तारखांची काळजी घ्यावी. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणजे नोंदीत १० फेब्रुवारी १६७० असे असेल तर ते आपल्या हिशेबाने १६७१ साल आहे. सुरतेच्या इंग्रजांनी १६६४ च्या जानेवारीतल्या स्वारीविषयी लिहिलेल्या पत्रांवरही याच कारणाने १६६३ हे साल पडते. जानेवारी ते २४ मार्च या काळातली प्रत्येक नोंद उतरवून घेताना १६७०/७१ अशी दोन्ही साले लिहावीत, म्हणजे पुढे कबरीवरचे साल आणि वहीतले साल जुळवताना घोळ होत नाही.